मोहाच्या झाडाखालचा पंचनामा

पंचनामे आणि रोजनामे यांखेरीज मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. उतारवयात लेखणी धरून वाचकांचा वेळ घ्यावा, हे धाडसच. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण सातपुड्यातील एक दुपार इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून उठून जात नाही. ती कोणाला तरी सांगावी, एवढाच हेतू.

गोष्ट महायुद्धाच्या आधीची. तळोद्याच्या ठाण्यात मी नवा फौजदार होतो. प्रांतिक सरकारचा गाडा त्या काळी मुख्यतः दोन बैलांवर चाले : शेतसारा आणि आबकारी. दारूच्या दुकानांचा लिलाव होई; ज्याची बोली वरचढ, त्याला परवाना. इतर कोणी दारू गाळली, तर तो सरकारच्या उत्पन्नाला हात घातल्याचा गुन्हा. डोंगरात मोहाची झाडे घराण्यांच्या वाटणीची असत. झाड त्यांचे, फूलही त्यांचे. त्याखाली चूल पेटली की मात्र गुन्हा.

खबर आणली ती दुकानाच्या मक्तेदाराने. हे शेठजी मूळचे मारवाडचे, स्वतः दारूला न शिवणारे.

"साहेब, परवान्याचे पैसे मी भरायचे आणि भट्टी लागायची डोंगरात! मग मी दुकानात बसून भजन करू का?"

"करा ना शेठ, तेवढंच पुन्य!" आमचे जमादार म्हणाले. ते तापीकाठचे, बोलणे अहिराणी, पण डोंगरातली बोलीही त्यांना येत असे.

दोन पंच घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. शेठजीही हट्टाने आले. ओढ्याकाठच्या चुलीत निखारे होते आणि जवळच्या झोपडीत भरलेला घडा. घरात एक विधवा बाई आणि तिचा तरणा मुलगा. मुद्देमाल सापडला, आरोपी ठरवायचा राहिला.

मुलगा म्हणाला, "मी काढली." आईने त्याला मागे लोटले. "हा खोटा बोलतो. मी काढली."

जमादार हसू दाबत माझ्याकडे वळले. "साहेब, बाकीना गावमा एक आरोपी सापडत नही, आठे दोन-दोन शेतस!"

दोघांना वेगळे बसवून मी जबाब घेतले. मुलाच्या तळहातांवर कुऱ्हाडीचे घट्टे होते, भाजल्याची खूण नव्हती. बाईच्या मनगटावर वाफेचा ताजा फोड दिसत होता. माणूस जिभेने दुसऱ्याला वाचवतो. हात मात्र खरे सांगतात. मी विचारले, "बाई, तुरुंगात जावे लागेल. दुकानातून का नाही आणली?"

ती मोडक्या मराठीत, पण नीट बोलली. नवरा पावसाळ्यात गेला होता. त्यांच्या कुळाची रीत अशी, की मेलेल्याच्या नावाचा दगड उभारायचा आणि त्याच्याच झाडाच्या फुलांची, घरच्या हाताने गाळलेली दारू त्यावर ओतायची. तोवर तो वाडवडिलांच्या पंगतीत बसत नाही. बाहेर ताटकळत राहतो. तोवर मुलाचे लग्नही होत नाही.

"दुकानाची त्याला चालत नाय. ते झाड त्याने राखलेलं." मग तिने घड्याकडे पाहिले. "साहेब, तू ही सांडशीलच ना?"

"सांडावीच लागेल. नियम आहे."

"मग कुठं सांडशील?"

मी नमुन्याची बाटली भरून, लाख लावून, मोहोर केली. उरलेला माल पंचांसमक्ष नष्ट करायचा होता. कोणत्या जमिनीवर, हे नियमात लिहिलेले नव्हते.

"दगड कुठे आहे?" मी विचारले.

पाड्याच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली, तो उभा होता. जमादारांनी घडा उचलला, थोडा घुटमळले आणि बाईच्या हाती दिला. "धर माय. सरकारी काम शे, हळू वत."

तिने हळूच धार धरली. पुटपुटत ती नवऱ्याशी बोलत होती, अधूनमधून रागेही भरत होती. "काय म्हणते?" मी जमादारांना विचारले. "म्हनी ऱ्हायनी, सावकाश पी, ठसका लागी जाई." मी मान फिरवली, तेव्हा शेठजी दिसले. त्यांनी जोडे काढून ठेवले होते आणि हात जोडले होते.

खटला रीतसर चालला. तिने गुन्हा कबूल केला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. संध्याकाळपर्यंत ती कचेरीच्या ओसरीत बसून होती, एखाद्या लग्नघरी आल्यासारखी प्रसन्न. होळीनंतर मुलाचे लग्न झाल्याचे जमादारांकडून कळले.

पंचनाम्यात मी एवढेच लिहिले होते : 'सदर माल पंचांसमक्ष जमिनीवर ओतून नष्ट केला.' त्यात खोटे अक्षर नाही. पुढील नोकरीत कायद्याने जे करावे लागले, ते मी केले. पण करण्यापूर्वी समोरच्याला विचारू लागलो, की ते कसे केले तर त्याच्या मनाला कमी लागेल. बहुधा काहीतरी वाट निघे. कधी निघत नसे, आणि ती माणसेही आठवतात.

वाचकहो, माझ्या जागी आपण असता, तर तो घडा कुठे ओतला असता?