रेघ सोडून चालणाऱ्या बायका

नीलाबाईच्या तोंडाला लागायची रेणापूरकडच्या त्या फाट्यावर कुणाची टाप नव्हती. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या ती अख्ख्या गावाचा कारभार हाकायची. हायवे रुंद झाला, ट्रक अंगावर येऊ लागले, शाळेच्या पोरी सायकलवरून जायच्या त्या जीव मुठीत धरून. "पोर गेल्यावर जागे होणार का?" असं ग्रामसभेत तिनंच सगळ्यांना खडसावलं. म्हणून तर हायवेच्या कडेच्या मोकळ्या पट्टीतून पायी अन् सायकलनं जायची वाट करायचं ठरलं.

पोर जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची सृष्टी सात वर्षांची असताना तापानं गेली. लिंगायतांच्या रिवाजानं तिला रानातच बसवून माती दिली, वर एक दगड रोवला. पुढं हायवेच्या त्या पट्टीत रानाची कड गेली, तेव्हा नवऱ्यानं, माणिकप्पानं, दगडाखाली उकरून पाहिलं. काळ्या मातीशिवाय काही लागलं नाही. कोवळी हाडं, मातीनं खाल्ली असतील, असं सगळे म्हणाले. मग मूठभर माती अन् तो दगड नव्या बांधावर आणून बसवला. तेव्हापासून नीलाबाई रोज सकाळी दगडाला भस्म लावते, फूल वाहते.

वाट आखायला लातूरहून साक्षी नावाची इंजिनियर पोरगी आली. तिनं पट्टीत चुन्याच्या फक्कीची सरळ रेघ मारली अन् बायकांना म्हणाली, "यावरून चालून दाखवा, रुंदी किती लागते ते कळेल." भर दुपार होती, ऊन नुसतं रणरणत होतं. बायका खिदळत निघाल्या. नीलाबाईच्या रानापुढं आल्या अन् रेघ सोडून बाजूला झाल्या, थोडं पुढं जाऊन परत रेघेवर आल्या.

"मावशी, सरळ चाला की," साक्षी म्हणाली. बायका पुन्हा चालल्या, पुन्हा तिथंच वळल्या. शेजारची केवळाबाई म्हणाली, मुंग्या होत्या. दुसरी म्हणाली, काटा होता. तिसरीला तर आपण वळलो हेच पटेना. साक्षीनं वाकून बघितलं. मुंगी नाही, काटा नाही. फक्की पडली तशीच होती, तेवढ्या जागेत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मग मात्र हसणं आपोआप थांबलं.

नीलाबाईनं त्या कोऱ्या जागेवरून बांधावरच्या दगडाकडं बघितलं. माणिकप्पा बांधावर बाभळीखाली बसला होता. ती तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"खरं सांगा. दगड आधी कुठं होता?"

"रानातच की." त्यानं नजर चुकवली. "नांगराला आडवा यायचा. मंग पेरणीच्या आधी दरसाल वीतभर कडेला सरकवायचो. म्हणलं आपलंच लेकरू हाय, रागवतंय व्हय?"

"वीत वीत करून कुठवर नेलात?"

"तिथनं पार कडंपातूर," त्यानं बायका वळल्या त्या जागेकडं बोट केलं. आता काय बोलावं या माणसाला! शेजाऱ्याचा बांध कोरणारे गावोगाव पडलेत, यानं पोटच्या पोरीची जागा कोरली. नीलाबाईला त्याचा असा संताप आला की रडूसुद्धा फुटेना. इतकी वर्षं फुलं कुणाला वाहिली मग?

तेवढ्यात आठवीतली लुंबिनी शाळेतून सायकलवर आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साक्षीनं तिला रेघेवरून सायकल न्यायला सांगितली. पोरगी सरळ आली, त्या जागी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, मग ब्रेक दाबून पाय टेकला अन् वळसा घालून पुढं आली.

"घंटी कुणाला वाजवलीस गं?" नीलाबाईनं विचारलं.

"त्या पोरीला. मधीच बसलीया. उठंना, मंग मीच वळून आले."

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला.

"कशी बसलीया?" नीलाबाईनं विचारलं.

"मांडी घालून."

नीलाबाईनं तिच्या सायकलचा दांडा धरला. "तोंड कुणीकडं हाय तिचं?"

"तिकडं, बांधाकडं," लुंबिनी म्हणाली. "तुमी रोज दगडाला फूल वाहता न्हवं का मावशी, तिकडंच बघून राहिली."

नीलाबाई एकटीच पट्टीत उतरली. जाता जाता साक्षीला म्हणाली, "वाट माझ्या रानातून वळवा. लागंल तेवढं रान घ्या." मग ती त्या कोऱ्या जागेसमोर आली, बांधाकडं पाठ केली अन् मातीत फतकल मारून बसली.

"सृष्टे, तिकडं नगं बघू बाळा," ती म्हणाली. "मी हितं हाय."