मामांच्या वहीतला ई-चार

भुसावळपासून धुळ्यापर्यंत ज्या ज्या स्वयंपाकघरात भांडी धुण्याचं मशीन आहे, त्या त्या स्वयंपाकघरावर माझ्या मामांचं राज्य आहे! खोटं वाटत असेल तर खुशाल विचारून या. कंपनीचा माणूस नाशिकहून येणार, तोही आठ दिवसांनी, आणि "पार्ट मागवावा लागेल" एवढं बोलून जाणार. मामा मिळेल त्या गाडीने त्याच दिवशी हजर! खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी, जुना टूथब्रश, दातकोरण्या, लिंबूसत्त्वाची पुडी आणि एक लांबोडकी वही. चहा विचारला की म्हणणार, "आधी पेशंट." मग मशीनपुढे मांडी ठोकून बसतात आणि घरातल्या सगळ्यांना, अगदी आजारी माणसालासुद्धा, शेजारी बसायला लावतात.

मामा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मशीनवर लाल दिवा लागून ई-एक, ई-दोन असलं काही झळकलं की आपण कंपनीला फोन लावतो, मामांना मात्र नुसतं उधाण येतं. "लाल दिवा दिसला म्हणून सिग्नलला शिव्या देतं का कुणी?" ते गरजतात. "तो बिचारा सांगतोय ना, की पुढे काहीतरी आडवं आहे! ते बघा!" एरंडोलच्या एका गुरुजींकडे ई-एक लागला होता, म्हणजे मशीनला पाणी मिळत नव्हतं. गुरुजींनी मशीन विकायची तयारी केली होती. मामांनी ओट्याखाली हात घातला, टाकी धुताना बंद केलेला नळ उघडला, आणि घरच्या पाचही जणांना ओळीने वाकून तो नळ बघायला लावला. गुरुजींनी शहाण्या मुलासारखं वाकून बघितलं.

माझ्याकडे जळगावात तर कहरच झाला. भरताचा बेत होता, पंधरा माणसं जेवून गेली, आणि मशीनने पाणी पोटात धरून ठेवलं ते सोडेचना! ई-दोन! मी रडकुंडीला आले. मामांनी प्लग काढला, आतलं पाणी वाटीने उपसलं, तळाची जाळी फिरवून बाहेर काढली, आणि विजयी मुद्रेने माझ्या नाकासमोर धरली. जाळीत वांग्याच्या बियांचा थर आणि त्यात रुतलेले अर्धे शेंगदाणे! "हा तुझा ई-दोन! ताट आधी पुसून घे, पोरी. मशीन आहे ते, म्हैस नाही." टूथब्रशने जाळी घासली, बसवली, मशीन घुर्रर्र करून सुरू झालं, आणि देवाशप्पथ सांगते, मामांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक स्वारीनंतर ती वही निघते. पानावर चार रकाने: घर, दोष, कारण, जबाबदार. रेल्वेत म्हणे कुठलाही बिघाड जबाबदार माणसाच्या नावाशिवाय मिटवत नाहीत. माझं नाव त्या रकान्यात तीनदा आहे. हे ते लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात, मेले!

पण हे सगळं वेड सुरू झालं ते मामींच्या हातांपायी. मामींना साबण सोसेना. बोटं फुटायची, रक्त यायचं, भाकरी थापताना डोळ्यांत पाणी. हळदीकुंकवालाही हात पदराआड ठेवायच्या. डॉक्टरांनी बजावलं, साबणाला बोट लावायचं नाही, नाहीतर हे हात कामाचे राहणार नाहीत. मामांनी त्याच आठवड्यात मशीन आणलं, आणि त्याचं पुस्तक पोथीसारखं रोज वाचलं. चार महिने झाले. जगाची मशीनं बरी झाली, पण मामींचे हात काही बरे होईनात.

आणि एके दिवशी सकाळी मामांचा फोन. "पोरी, माझ्याच घरी ई-चार लागला. तिसऱ्यांदा. मला सापडत नाही." मामांना सापडत नाही! मी मिळेल ती गाडी पकडून भुसावळ गाठलं. मामी शिंदखेड्याच्या, संतापल्या की अहिराणीत उतरतात, आणि आज तर मशीन घराबाहेर काढायला निघाल्या होत्या. "घी जा हाई मशीन! चार भांडा घसाले कितला येळ लागस?" मामा चवताळून म्हणाले, "आणि हात?"

ई-चार म्हणजे पाणी सांडून तळाच्या ताटलीत साचलंय. जाळी साफ, नळी धड, दाराचं रबर धड. मग सांडलं कुठून? मामांनी प्लग काढला, नळ बंद केला, आम्ही दोघांनी मशीन पुढे कलतं केलं. तळातून पाणी आलं, आणि पाण्याबरोबर फेस! मशीनच्या पावडरीचा एवढा फेस होत नाही, हे मामा झोपेतही सांगतील. त्यांनी फेस बोटावर घेतला, हुंगला. लिंबाच्या वासाची साबणवडी! मामांनी मान वळवून मामींकडे बघितलं. मामींनी हात पदराआड नेले.

मग कळलं. जेवून मामा स्टेशनवर गाड्या बघायला गेले, की मामी मोरीत बसून एकूण एक भांडं साबणाने घासायच्या, आणि ते परत येण्याआधी घाईघाईत साबणासकट मशीनमध्ये लावून ठेवायच्या. "खरकटा भांडा तसाच कोंडी ठेवाना?" त्या पुटपुटल्या. "घरमा लक्ष्मी तरी ऱ्हाई का? आनि तुम्ही इतलं हौसनं आणेल..."

मला वाटलं, आता मामा कडाडणार. पण त्यांनी फक्त तळ पुसला, मशीन सरळ केलं, वही काढली. मी वाकून पाहिलं. घर: आमचं. दोष: ई-चार. कारण: साबणाचा फेस. चौथ्या रकान्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि या माणसाने जेवून उठताना स्वतःचं ताट एकदाही उचललं नव्हतं. मामांनी लिहिलं: मी.

आता जेवण झालं की स्टेशनची फेरी लांबणीवर पडते. मामा मोरीत बसून सगळ्यांच्या ताटातलं खरकटं काढतात, भांडी नुसत्या पाण्याने विसळून मशीनमध्ये लावतात, आणि मामी खुर्चीत बसून वाट्या उपड्या घालायला सांगतात. यंदाच्या संक्रांतीला मामींनी माझ्यापुढे हात केले, पदर न ओढता. बोटं मऊ, नितळ. मी त्यांना हळदीकुंकू लावलं आणि म्हटलं, "मामी, मामा शिकले हो अखेर!"

मामी मोरीकडे बघत राहिल्या. तिथे मामा कढई विसळत होते, केवढा आवाज करत! हसता हसता मामींचे डोळे भरून आले. हळूच म्हणाल्या, "हा वं माय, शिकनात. पन इतला दिन कोठे व्हतात?"