शिकंज्याशिवायचं टेबल

दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या वडिलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: जमिनीवर बसायचं नाही. मी ती लिहून घेतली आणि त्याखाली लगेच दुसरी ओळ लिहिली: उभ्यानं काम करायचं टेबल. अण्णांनी सगळं आयुष्य कर्जतमध्ये सुतारकाम केलं, तेही जमिनीवर बसूनच. आता ते दिवसभर खुर्चीत बसून दाराच्या चौकटीकडे बघत असायचे. त्यांचे हात पुन्हा चालू झाले नाहीत तर माणूस खचेल, हे मला दिसत होतं.

मग मी नेहमीप्रमाणे पद्धतशीर कामाला लागले. अण्णांना भिंतीशी सरळ उभं करून मनगटापर्यंतची उंची मोजली. पडवीची मापं घेतली. त्यांची हत्यारांची पेटी उघडून काय आहे, काय नाही ते लिहून काढलं. अण्णांना मात्र काहीच विचारलं नाही. त्यांना मोजलं फक्त.

माझं ऑफिस खालापूरला. तिथल्याच एका दुकानात टेबल पसंत पडलं. ते दोन प्रकारांत मिळत होतं, एक नुसतं आणि एक सगळ्या जोडसामानासकट: लाकूड आवळून धरायचा शिकंजा, क्लॅम्प, खाली ड्रॉवर.

"ताई, शिकंजा घ्याच," दुकानदार म्हणाला. "त्याच्यावाचून हे जेवायचं टेबल."

"आमच्या अण्णांनी उभ्या जन्मात शिकंजा वापरला नाही."

"मग लाकूड धरतात कशानं?"

"हातानं," मी म्हटलं. यादीत शिकंज्यापुढे 'नको' लिहिलं आणि नुसतं टेबल टेंपोत चढवलं.

अण्णांनी टेबलावरून तळहात फिरवला. "गुळगुळीत हाय गं," म्हणाले. मी खूश झाले.

आठवडा गेला, पडवीत लाकडाची एक ढलपी पडली नाही. विचारलं की म्हणायचे, "करू गं निवांत." मला वाटलं, खुर्चीची सवय लागली. मी कामांचा कागद करून टेबलावरच्या भिंतीला चिकटवला: पोळपाट, देवघराची फळी, मोरीच्या दाराची कडी. तरी काही हलेना. एका सकाळी ऑफिसला निघताना मी बोलून गेले, "एवढं आणलंय तर वापरा तरी. की आता नुसतं बसूनच राहायचंय?"



त्या रविवारी मी बाजारातून परतले तर अण्णा टेबलावर बसलेले. म्हणजे खरंच टेबलावर, चढून. खाली प्लॅस्टिकची खुर्ची लावलेली. जेमतेम वाकणारे गुडघे कसेबसे दुमडून, फळी दोन्ही तळपायांत घट्ट धरून ते रंधा मारत होते.

"अण्णा! उतरा आधी! पडायचंय का?"

"रंध्याला दोन हात लागतात," ते म्हणाले. "मग लाकूड कोण धरणार गं? तू?"

तेव्हा मला दिसलं. लहानपणापासून रोज समोर असलेलं. अण्णा लाकूड पायांनी धरायचे. त्यांना शिकंजा कधी लागला नाही, कारण जमिनीवर बसलं की पाय मोकळे असायचे. मी त्यांना उभं केलं, पाय काढून घेतले आणि त्यांच्या जागी काहीच दिलं नाही.

माझ्या ओरडण्यानं ते घाईनं उतरायला गेले. खुर्ची सरकली. उजवा गुडघा फरशीवर आपटला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

"अंगणात घसरलो," अण्णा म्हणाले, माझ्याकडे न बघता. मी फाइल हातात धरून उभी होते. तारखा, गोळ्या, सगळं सांगितलं. तेवढं एक दुरुस्त केलं नाही.

हाड शाबूत होतं, पण सूज उतरायला दीड महिना गेला. त्या काळात मी खालापूरहून शिकंजा आणला. दुकानदारानं मला ओळखलं असावं. त्यानं शिकंजा कागदात गुंडाळला आणि पैसे मोजून घेतले. बोलला असता तर बरं झालं असतं.

अण्णा पुन्हा उभे राहिले त्या दिवशी मी तो बसवून दिला. त्यांनी फळी त्यात घातली, दांडा फिरवला, फळी हलवून पाहिली. हलली नाही. दोन्ही हातांनी रंधा मारला, तशी लांबलचक ढलपी निघाली. त्यांनी ती बोटावर गुंडाळली. किती दिवसांनी मी त्यांना असं पाहत होते.

"झ्याक हाय की," म्हणाले. "मग पयल्यांदाच का नाय आणलास? दुकानात नव्हता काय?"

खरं सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती.

"नव्हता," मी म्हटलं. "मागवावा लागला."

"मग तू तरी काय करणार, बाय," अण्णा म्हणाले आणि दांडा आणखी एक फेरा आवळला.