प्रेमलाची ‘सारुं छे’ची वही

इथे गुजरातेत, रावपुऱ्यात आमच्या समोरच्या दारात प्रेमला राहते. मूळची डभोईची. लग्न होऊन इकडे आली, नवरा नारायणराव रेल्वेत होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी कोमल नागपूरला असते. प्रेमलाची सकाळची पोळी संध्याकाळी उलगडली तरी मोडत नाही. माझी मोडते. चाळीस वर्षं समोरासमोर राहून हे मी कबूल करते आहे, यावरून काय ते समजा.

घरात आजारपणाचा शब्द मात्र ती काढत नाही. सासूने शिकवलं होतं, असलं काही बोललं की वास्तू ‘तथास्तु’ म्हणते. ताप आला तरी ही म्हणणार, "जरा ऊन लागलंय." नारायणराव दवाखान्यात नळ्या लावून पडले होते, तेव्हा दूधवाल्याला सांगत होती, "हवापालटाला गेलेत."

अशा बाईला छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून देतात ते औषध. केस गेले, पोटात पाणी ठरेना. सगळं सोसून दोन वर्षं बरी गेली आणि गाठ पुन्हा काखेत उगवली. मग डॉक्टरांनी तिला एका नव्या गोळीच्या चाचणीत घेतलं.

चाचणीचं काम बघणाऱ्या शलाकाने आम्हा दोघींना समजावलं. मुलगी गोड, मराठी बोलणारी. म्हणाली, "आजी, जुनं औषध म्हणजे उधई, आपली वाळवी, एका घराला आणि फवारणी अख्ख्या सोसायटीत. ही गोळी रोगाचंच दार शोधून वाजवते. पण कधी कधी शेजारचं दारही वाजवते. कुठलं, ते आम्हाला कसं कळणार? म्हणून ही वही. रोज काय होतंय ते लिहायचं."

वही गुजरातीत छापलेली. उलटी, जुलाब, तोंड येणं, हातपाय, सगळ्यांना रकाने. प्रेमलाने रोज रात्री न चुकता एकच लिहिलं, ‘सारुं छे’, म्हणजे बरं आहे. अक्षर मोत्यासारखं.

दोन महिन्यांनी गाठ निम्मी झाली. मी पेढे वाटले, ती नको नको म्हणत असताना.

तिसऱ्या महिन्यात संकष्टीला तिच्याकडून ताट आलं. पोळी एका बाजूला जाड, दुसरीकडे जळकी, आकार गुजरातच्या नकाशाचा. मी ताट तसंच ठेवलं आणि तिच्या दारावर थाप मारली.

ती टाचांवर चालत आली. हाताला ओलं फडकं. सोडवलं तर तळवे लालबुंद, साल सुटलेली. पायांचेही तेच.

"वहीत लिहिलंस?"

"वेडी का तू, नयनाताई? घरात बसून असलं लिहू?" मग हळूच म्हणाली, "आणि लिहिलं तर नाव काढून टाकतील. गाठ कमी होतेय गं. तुला गणपतीची शपथ, शलाकाला सांगायचं नाही."

शपथ पडली. आता बोलायची सोय नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी तिथेच बसलेली असताना शलाकाचा फोन, "आजी, तुमची वही छान आहे. सोमवारी या, डोस वाढवू."

प्रेमला म्हणाली, "हो बेटा, सारुं छे." फोन ठेवताना बोटं आखडली तिची.

मी चौथी शिकलेली. पण एवढं मलाही कळलं की खोट्या वहीवर खरी गोळी वाढणार. शपथ मोडायची नव्हती, म्हणून रिक्षा बोलावली. "चल, कमाटीबागेत. वही घे."

झाडाखालच्या बाकावर तिला बसवलं. म्हटलं, "इथे छप्पर नाही, उंबरा नाही. वास्तूच नाही, तर तथास्तु कोण म्हणणार? बोल."

तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "पेन मला धरवत नाही. तूच लिही."

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, त्यात गुजराती रकाने. लिहिलं मराठीतच. तळवे जळतात. चपलेत पाय जात नाही. लाटणं धरवत नाही. तोंडात चट्टे, आमटी झोंबते. एकदा बोलण्याचं दार उघडलं, मग ती थांबेना. लाईनमध्ये दोन तास बसवतात, कॅन्टीनचा चहा म्हणजे गरम पाणी, जावई फोन करत नाही.

"हे पण लिहू?"

"लिही. आणि नयनाताईच्या आमटीत मीठ जास्त असतं."

तेही लिहिलं. काय करणार.

सोमवारी शलाका वही वाचताना आधी हसली, मग तिने ती मिटली. "आजी, हात दाखवा." प्रेमलाने दोन्ही तळवे पुढे केले. "आता नाव काढणार ना माझं?"

"नाव काढायला नाही विचारत हो," शलाका म्हणाली. "हेच कळायला तर वही दिली होती."

डॉक्टरांनी गोळी दहा दिवस बंद केली, मलम दिलं, आणि सांगितलं की पुन्हा सुरू करताना डोस कमी. डोस वाढवणं तर सगळ्यांचंच थांबवलं. मग आमच्या बागेचं ऐकून शलाकाने चाचणीतल्या बाकीच्या बायकांना एकेकीला बाहेर अंगणात नेऊन विचारलं. आणखी चौघींनी मोज्यांतून पाय बाहेर काढले. त्यांच्याही वह्यांत ‘सारुं छे’च होतं.

ते दहा दिवस प्रेमला रोज काख चाचपत होती. मी बघतेय असं दिसलं की हात काढायची. पण छोट्या डोसनेही गाठ दबूनच राहिली, परवाच्या फोटोत दिसलं. तळव्यांना नवी कातडी आली, लहान मुलासारखी गुलाबी. पोळी अजून थोडी जाड होते. मला त्याचं दुःख नाही.

आता रोज दुपारी वही घेऊन आम्ही बागेत जातो. ती सांगते, मी लिहिते. परत येताना जिन्यात कुणी विचारलंच, "केम छो, प्रेमलाबेन?" तर ती वही पदराखाली घेते आणि म्हणते, "हवा खाऊन आलो."