तिला काय लागतं!

“माह्यं कापड कापलं होतं काय वो बाईनं?”

अंगणात बायका आत्याला शेवटची आंघोळ घालत होत्या आणि शेजारच्या काकू माझ्या आईच्या कानाशी हे विचारत होत्या. आईनं मागच्या खोलीकडे बोट केलं. काकू आत गेल्या, शिवायला आलेल्या कापडांच्या गठ्ठ्यातून आपलं ब्लाउजपीस शोधलं आणि पदराखाली घेऊन बाहेर आल्या. मी दाराशीच होते. राग आला होता, तरी बाजूला सरून त्यांना वाट दिली. शाळेत मराठी बोललं की मॅडम रागवायच्या, घरात इंग्रजी बोललं की सगळे हसायचे. त्यात मी गप्प राहायला शिकले. आत्याजवळ बसलं की बोलावंच लागायचं नाही.

सुमनआत्या, बाबांची धाकटी बहीण. नवऱ्याला सोडून आष्टीहून आमच्याकडे सिंदी मेघेला आली, तेव्हा मी दुसरीत होते. मागची खोली तिची. उत्तरेच्या खिडकीखाली मशीन आणि नियम एकच… दिवसाला दोन ब्लाउज. दुसऱ्याला हुकं लावून झाली की मशीनवर चादर पडायची, मग दिवाळी असो की लग्नसराई. बायका वैतागायच्या.

“सीझन हाय बाई, पाच शिव नं! पैसा नको काय तुले?”

“पाच शिवीन त डोळे जातीन. मंग आंधळीच्या हातचा ब्लाउज घालून मिरवशीन काय वरातीत?”

दुपारनंतर ती तिची असायची. ओट्यावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खायची, जुने दिवाळी अंक वाचायची, वाचता वाचता एकटीच मोठ्यानं हसायची. संध्याकाळी बुद्धविहारात जायची. दोनच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, “सासरी किती केलं तरी कमीच पडे व माय. येक दिवस म्हनलं, पुरे किती, ते आता मी ठरवीन.”

ते तिनं ठरवलं होतं. आमच्या घरानं त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावला. नवा कूलर पुढच्या खोलीत, जुना तिच्याकडे. पाहुणे आले की तिची खोली त्यांना, ती स्वयंपाकघरात. तिला काय लागतं! ती समाधानी. हे चिडून लिहू नये म्हणून ती गेल्यावर मी दोन महिने थांबले. चीड गेली नाही.

मागच्या वर्षी बाबांनी कॉलेजच्या मुलांना भाड्यानं द्यायला घरामागे खोल्या बांधायला काढल्या. पाया खणायला माणसं आली तशी आत्या गळ्यातल्या टेपसकट बाहेर आली.

“दादा, माह्या खिडकीपुढं चार हात जागा सोडून बांधजो.”

बाबांनी नकाशातून मानही वर केली नाही. “दोन ब्लाउजले किती उजेड लागते व? ट्यूबलाइट लावून देतो.”

मी तिथेच पायरीवर मोबाइल घेऊन बसले होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनवर बोट सरकवत राहिले… भिंत उभी राहिली. खिडकी उघडली की समोर विटा. ब्लाउज ती दोनच शिवायची, पण दुसरा संपेपर्यंत आता संध्याकाळ होऊ लागली. शिवण वाकडी जायची, उसवायची, पुन्हा घालायची. विहारात जाणं सुटलं. दिवाळी अंक बांधलेले तसेच राहिले. आणि एका सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. भिंतीमुळे गेली, असं मी म्हणणार नाही. पण तिनं ठरवलेलं ‘पुरे’ आम्ही मोडलं होतं आणि ते मोडल्याचं घरात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आत्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर बाबा माइकपुढे उभे राहिले. माइकपुढे ते शुद्ध बोलतात. “माझ्या बहिणीनं आयुष्यात माझ्याकडे काहीच मागितलं नाही. असं समाधान आजकाल दिसत नाही.” लोकांनी माना डोलावल्या, काकूंनीसुद्धा. आई डोळे पुसत होती. आता हेच सगळ्यांच्या लक्षात राहणार होतं. मी उठले तशी खुर्ची मागे पडली आणि अख्खा मंडप वळून बघायला लागला.

“मागितलं होतं, बाबा. खिडकी मागितली होती तिनं. तुम्ही नाही म्हणालात, आणि मी ऐकून गप्प बसले.”