पयले खूर पाहा

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा माझे बाबा, चिंधू फिटर, तिथल्या तलावातल्या मोटरबोटीवर कामाला होते. एकदा बोटीच्या मागे लावलेली मोटर सुरू करायची दोरी कोणालाच ओढवेना. तिघं लोंबकळले, शिव्या घातल्या. बाबा म्हणाले, "बैल अडला तं काठी कावून मारता? पयले खूर पाहा."

दोरी ओढली की पाण्यातला पंखाही फिरायचा. बाबांनी मोटर उचलून तो पंखा पाहिला. त्याला मासे धरायच्या जाळ्याचा दोरा करकचून गुंडाळला होता. तो कापला आणि एका झटक्यात मोटर सुरू झाली.

परवा म्हातारे बाबा खाटेवरून उठेनात. "नाटकं कावून करून राहिले?" मी खेकसले. मग जीभ चावली, वाकून त्यांचे पाय पाहिले. टाच सुजली होती.

"पाहिलं तू," बाबा म्हणाले, "पण काठी मारल्यावर."