यादीतल्या सात ओळी

आमच्या घरात माझं म्हणून जे काही आहे ते एका वेबसाईटवर आहे. बाकी सगळं आमचं. कपाट आमचं, गाडी आमची, माझा मोबाईलसुद्धा दुपारी सासूबाईंच्या भजनांसाठी आमचाच असतो. वेबसाईट तेवढी माझी राहिली, कारण ती कुणाला नको होती.

म्हशींची वेबसाईट आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरात सगळे हसून झालेत. सासरे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. ते गेले तेव्हा मागं वह्यांचा गठ्ठा राहिला. म्हैस पान्हा चोरायला लागली तर काय करायचं, व्यायल्यावर वार पडली नाही तर किती थांबायचं, कुठल्या दुखण्यात घरचा उपाय चालतो आणि कुठल्या दुखण्यात तो करत बसलात तर म्हैस हातची जाते, असं सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. वह्या रद्दीत निघाल्या होत्या. मी त्या ओढून घेतल्या आणि दुपारच्या वेळी टाईप करत बसले. दोन-तीन वर्षांत गावोगावचे लोक वाचायला लागले, प्रश्न विचारायला लागले. मग जाहिराती आल्या आणि महिन्याला थोडे पैसे माझ्या खात्यावर पडू लागले. थोडेच, पण ते खर्चताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि ही चव मला पहिल्यांदाच कळत होती.

जाहिराती देणाऱ्या कंपनीनं एकदा कळवलं की तुमच्या साईटवर यादी नाही, ती करा. मला वाटलं, आणखी एक कटकट. मग समजून घेतलं. साईटवरची जाहिरातीची जागा बाजारात विकली जाते. त्या बाजारात कुणीही उठतो आणि ‘म्हशींची साईट माझ्याकडे आहे’ म्हणून जागा विकतो. जाहिरातवाला पैसे मोजतो, जाहिरात लागते भलत्याच फालतू साईटवर, आणि नाव खराब होतं माझं. म्हणून साईटच्या मालकानं एक यादी लावायची, की माझी जागा विकायला एवढ्याच लोकांना परवानगी आहे. विकत घेणाऱ्यांचे संगणक आधी ती यादी बघतात. नाव नसलं तर घेत नाहीत. तिला अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी असं लांबलचक नाव आहे, मी यादीच म्हणते. साधी फाईल असते, जगातला कुणीही माणूस उघडून वाचू शकतो. माझ्या यादीत एकच ओळ होती, त्या कंपनीची.

इथपर्यंत मी शहाणी होते.

माझे धाकटे दीर तेव्हा नोकरी सोडून उचगावात एक गाळा घेऊन बसले होते. बाहेर ‘डिजिटल’ असा शब्द असलेला बोर्ड लावला होता. पुण्यात कुठलासा आठवड्याचा कोर्स केला होता आणि तिथल्या एकानं त्यांना ऑनलाईन जाहिरातींची एजन्सी दिली होती. पुढे-मागे माझ्या साईटला चांगल्या जाहिराती आणतो म्हणाले. त्यासाठी यादीत त्यांच्या कंपनीचं नाव लागेल. सात ओळी होत्या. पहिल्या ओळीत त्यांच्या कंपनीचं नाव, खालच्या सहा ओळींत कोण कोण होतं देव जाणे.

“घरचं नाव घालायला विचार कसला करताय वहिनी? घाला की.”

मी घातलं. सहा ओळी वाचल्यासुद्धा नाहीत. आता याला मूर्खपणा म्हणा, पण माझं माहेर गडहिंग्लजचं आणि वडिलांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिकेत खाली नावांची यादी असते ना, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, कार्यवाहक, तिच्यावर मी लहानाची मोठी झाले. एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं म्हणून छापून झालेल्या पत्रिका परत छापलेल्या मी बघितल्यात. नाव घालायला कधी कुणी कारण विचारत नाही. नाव गाळलं तर दोन पिढ्या येणं-जाणं बंद होतं. माझ्या डोक्यात यादी म्हणजे ती यादी. जी यादी लोकांना बाहेर ठेवायला असते, अशी यादी आमच्या घरात कुणी बघितलीच नव्हती.

त्याच सुमाराला दिरांसाठी कुरुंदवाडचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, तिथल्या पतसंस्थेत संगणकावर काम करणारी. आम्ही त्यांच्या घरी बघायला गेलो, पोहे झाले, चहा झाला, मग मुलीच्या वडिलांनी विचारलं की पावणं, तुम्ही नेमकं करता काय? दिरांनी मोबाईल काढला आणि माझी यादी उघडून त्यांच्या हातात दिली. आमच्या वहिनींची साईट हाय, तिच्या जाहिराती माझी कंपनी बघती, हे बघा नाव. वडिलांनी चष्मा वर करून नाव वाचलं. मग मोबाईल मुलीकडे गेला. तिनं बराच वेळ वाचलं आणि मोबाईल परत दिला. मी सासूबाईंशेजारी बसून बघत होते. मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहायला लाज वाटते पण वाटला होता. आठवड्यात होकार आला. सुपारी फोडायची तारीख ठरली.

सुपारीला महिना असताना एका पशुखाद्यवाल्याचा फोन आला. भला माणूस, वर्षभर माझ्या साईटवर जाहिरात देत होता. म्हणाला, ताई, तुमच्या साईटच्या नावानं आमची जाहिरात सट्ट्याच्या पानांवर लागली, आणि हिशेबात दिसतंय की तुमची साईट रातोरात सगळ्या महाराष्ट्रानं वाचली. तुम्ही अशा असाल असं वाटलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. मग मी त्या सहा ओळी पहिल्यांदा वाचल्या. कुठल्या देशातल्या कंपन्या होत्या त्याही कळेना. माझ्या नावावर भंगार विकायची परवानगी त्यांना मीच, माझ्या हातानं, घरचं माणूस म्हणून दिली होती. चोर बाहेरून आला असता तर ओरडता तरी आलं असतं.

चारच दिवसांत माझ्या मूळ कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवसांत यादी साफ करा, नाहीतर जाहिराती बंद.

दिरांना विचारलं. ते लबाड नव्हते, हे मी आजही म्हणते. त्यांनाही त्या सहा जणांची काही माहिती नव्हती. पुण्याच्या माणसानं दिलं ते त्यांनी मला दिलं होतं. त्याला फोन लावला तर तो उचलेना. मग त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले की काढू नका. कुरुंदवाडची माणसं ती फाईल रोज उघडून बघत असतील. नाव दिसलं न्हाय तर काय सांगू?

नवऱ्याला सांगितलं. ते साखर कारखान्यात आहेत, सीझन चालू होता, घरी झोपायलाच यायचे. त्यांनी शर्ट काढता काढता ऐकलं.

“ऱ्हाऊ दे की. लगीन झाल्यावर काढ. तुझ्या म्हशी काय पळून जात न्हाईत.”

सासूबाईंना तर यादी म्हणजे काय हेच कळलं नाही. एवढंच कळलं की मी दिराचं नाव कुठूनतरी खोडायला निघालेय. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. लग्न चार महिन्यांवर, कंपनीची मुदत पंधरा दिवसांची. सकाळी भाकरी थापताना मी दिवस मोजायची आणि समोर तेच दीर ताट घेऊन बसलेले असायचे. घरात माणसं बोलत होती, हसत होती, साड्यांची चर्चा चालली होती, आणि मला कुठं जाऊन ओरडावं ते सुचत नव्हतं. राग यायचा तो माझाच. इतका यायचा की पिठावर निघायचा.

मुदत संपायला तीन दिवस उरले तेव्हा मला एक तोडगा सापडला. त्या यादीत ओळीच्या सुरुवातीला एक जाळीसारखी खूण टाकली, उभ्या दोन रेघा आणि आडव्या दोन, की संगणक ती ओळ वाचत नाही. त्याच्या लेखी ती नाहीच. पण माणसानं फाईल उघडली तर नाव जागच्या जागी दिसतं. मी सातही ओळींपुढं सात खुणा टाकल्या. नाव होतं आणि नव्हतं. कंपनीचं समाधान झालं, जाहिराती चालू राहिल्या. दिरांना दाखवलं तर ते इतके खूश झाले की कंदी पेढे घेऊन आले. सासूबाईंनी चहा घेतला. मला वाटलं, सुटले.

सुपारीला पाच दिवस असताना कुरुंदवाडहून फोन आला. मुलगीच होती. मी घरच्या म्हशीच्या गोठ्यात होते. आधी तिनं वहिनी म्हणून हाक मारली, तब्येत विचारली, वेबसाईटवरचं काय काय वाचलं ते सांगितलं. तिच्या घरी दोन म्हशी होत्या. सासऱ्यांचा पान्ह्याचा उपाय तिच्या आईनं करून बघितला होता. मग म्हणाली, मी ती फाईल आज परत बघितली, त्यांच्या ओळींपुढं एक खूण आलीय. आमच्या ऑफिसात मी तेवढं शिकलेय. त्यांना विचारलं तर ते म्हणाले नवीन पद्धत हाय, तसंच लिहितात.

“वहिनी, मला एकच सांगा. त्यांचं नाव त्या यादीत हाय का न्हाय?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हाय की, असं म्हणून विषय बदलला असता. म्हशीला पाणी दाखवायचं होतं, तेही कारण झालं असतं. पण मला ती चहाच्या वेळी खाली मान घालून वाचत बसलेली आठवली. माझ्या लग्नाच्या वेळी या घरातलं मी कुणाला काय विचारलं होतं? कुणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं. ही मला विचारत होती, आणि मी माझ्या सुटकेसाठी लावलेल्या खुणेआड खरं झाकून तिला या घरात घ्यायला निघाले होते.

“न्हाय,” मी म्हटलं.

ती बरं म्हणाली. तब्येतीची काळजी घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी जुळली होती. दीर आठवडाभर जेवले नाहीत. उचगावचा गाळा त्यांनी सोडला, आता शिरोलीत एका कारखान्यात जातात. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, कारण त्यांना माहीतच नाही. त्या सात ओळी मी मग मुळातूनच पुसल्या. कंपनीनं कौतुकाचं पत्र पाठवलं. महिन्याचे पैसे पूर्वीसारखे येतात, पशुखाद्यवालाही परत आला.

सासूबाई मात्र अजून शोधतायत. कुणीतरी भांजी मारली, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. भावकीतल्या एकेका घरावर त्यांचा संशय फिरून झालाय. दोन घरांशी बोलणं बंद केलंय, तिथल्या लग्नाला आम्ही गेलो नाही. रोज सकाळी मी चुलीपुढं बसले की त्या भाजी निवडत तेच सुरू करतात, माझ्या पोराचं मोडलं त्याचं कधी भलं व्हायचं न्हाय. मग माझ्याकडे बघतात, घरात समजून घेणारी मीच एक आहे म्हणून.

मी हो म्हणते आणि भाकरी उलटते.